राष्ट्रीय उद्यानातील शासकीय इमारती खासगी समारंभांना द्याव्यात का?

प्रश्न : धरमपेठ, नागपूर

सर्वांना सप्रेम नमस्कार.

माझ्या पुतणीचा साखरपुडा येत्या मार्च महिन्यात करायचे ठरले आहे. मुलाकडची मंडळी पुण्याची असून, विदर्भात एवढ्या लांब येतोच आहोत तर कार्यक्रम जंगलात व्हावा, अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. नागपूरहून दीड-दोन तासांच्या अंतरावर असलेल्या एका राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वाराजवळ शासनाचे एक सभागृह आहे, आणि तेथून आत काही अंतरावर इंग्रजांच्या काळातील एक वनविश्रामगृह आहे. दुपारी सभागृहात विधी आणि संध्याकाळी विश्रामगृहाच्या आवारात साधारण दीडशे माणसांचे जेवण, अशी माझ्या मोठ्या भावाची कल्पना आहे. त्याने चौकशी केली तेव्हा "अर्ज करून ठेवा, बघू" एवढेच उत्तर मिळाले. म्हणजे स्पष्ट होकार नाही आणि स्पष्ट नकारही नाही. अर्ज त्याने करून ठेवला आहे.

माझे मन मात्र तयार होत नाही, आणि त्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका विश्रामगृहात एका कार्यालयाने ठेवलेल्या निरोपाच्या जेवणाला मी गेलो होतो. रात्री साडेदहापर्यंत जनरेटर चालू होता आणि गाण्यांच्या ठेक्यासरशी व्हरांड्यातील खिडक्यांची तावदाने थरथरत होती. सकाळी उठून पाहतो तर पंगत बसली होती तेथे रानडुकरांनी जमीन उकरून ठेवलेली, गुलाबजामच्या पाकाचे द्रोण शंभर पावलांपर्यंत पसरलेले, आणि एक वानर थर्माकोलची ताटली दोन्ही हातांत धरून तिचे तुकडे तोडून तोंडात घालत होते. त्या वानराच्या ओठांना चिकटलेले पांढरे कण मला आजही दिसतात. मीही त्याच पंगतीत जेवलो होतो, याची बोचणी अजून गेलेली नाही.

तरीही दुसरी बाजू मला नाकारता येत नाही. या इमारती करदात्यांच्या पैशातून उभ्या आहेत आणि वर्षातील कितीतरी दिवस रिकाम्या असतात. तेथे शासकीय बैठका होतात, पाहुण्यांची सरबराई होते. मग सामान्य कुटुंबाने रीतसर भाडे भरून एक दिवस मागितला, तर त्यात गैर काय, असे भाऊ विचारतो. जवळच्या गावातील लोकांना त्यातून चार पैसेही मिळतील. कायद्याने याला वाव आहे का, आणि असला तरी तसे करावे का, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : निवृत्त वनक्षेत्रपाल, सेमिनरी हिल्स

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण परवानगी मिळेल का, एवढेच विचारणारे पुष्कळ भेटतात. मागावी का, हे सहसा कोणी विचारत नाही. माझी एकतीस वर्षे विदर्भाच्या जंगलांत गेली, त्या अनुभवावरून लिहितो.

प्रथम ते विश्रामगृह तेथे का आहे, हे समजून घ्यावे लागेल. ही घरे सहलीसाठी बांधलेली नव्हती. घोड्यावरून किंवा बैलगाडीने दौऱ्यावर निघालेल्या अधिकाऱ्याला कूप (लाकूडतोडीसाठी आखलेला जंगलाचा भाग) तपासायला, जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी मोकळे ठेवलेले पट्टे) पाहायला, लाकडाची मोजणी करायला मुक्कामाची जागा हवी असे, आणि माणसांना व जनावरांना पाणी लागे, म्हणून विश्रामगृहाची जागा बहुधा नाला, नदी किंवा तळे पाहून निवडलेली असे. याचा अर्थ असा की ही जुनी घरे नेमकी तेथेच आहेत, जेथे संध्याकाळी सांबर, चितळ, गवे आणि त्यांच्या मागावर वाघ पाण्यावर येतात. मार्चमध्ये लहान नाले आटलेले असतात आणि उरलेल्या प्रत्येक पाणवठ्याला किंमत आलेली असते. अशा वेळी दीडशे माणसे, वीस-पंचवीस मोटारी आणि दिव्यांच्या माळा घेऊन आपण सूर्यास्ताला त्या जागी बसलो, तर त्या रात्रीपुरता एक पाणवठा प्राण्यांसाठी बंद झाला असे समजावे. तक्रार करायला त्यांच्यापैकी कोणी येत नाही, म्हणून आपल्याला ते जाणवत नाही.

दुसरी गोष्ट आगीची. महाराष्ट्रात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो. मार्चमध्ये सागाची पाने गळून जमिनीवर घोट्याएवढा पाचोळा साचतो. तो इतका वाळलेला असतो की त्यावरून ससा गेला तरी आवाज येतो. या काळात वनमजूर पहाटेपासून जाळरेषा साफ करण्यात गुंतलेले असतात. त्यांच्या मध्ये आचाऱ्याची भट्टी पेटवायची आणि कोणी हौशी पाहुण्याने फुलबाजी काढली तर तिच्यामागे धावायचे, हा धोका एका जेवणासाठी पत्करण्याजोगा नाही.

उष्ट्या अन्नाविषयी आपण लिहिलेच आहे, पण रानडुकरे आणि वानरे ही त्या साखळीची फक्त सुरुवात असते. उष्ट्यामागे गावातील कुत्री येतात, आणि एकदा वास लागला की पंगत नसतानाही चक्कर मारू लागतात. कुत्र्यांमागे बिबट्या येतो आणि तो गावाच्या वेशीपर्यंत पोचतो. त्याहून वाईट म्हणजे कुत्र्यांचे आजार जंगलात शिरतात. गीरमध्ये 2018 साली वीसहून अधिक सिंह दगावले तेव्हा त्यांच्यात श्वानज्वराचा, म्हणजे कॅनाइन डिस्टेम्परचा विषाणू सापडला होता. पेंच आणि ताडोबा ही रानकुत्र्यांची घरे आहेत, आणि रानकुत्रा कळपाने राहणारा, एकमेकांचे तोंड चाटणारा प्राणी आहे. त्यांच्यात असा आजार शिरला तर एकेक कळप संपायला वेळ लागणार नाही.

आता जी गोष्ट बाहेरच्या माणसाला दिसत नाही, ती सांगतो. समारंभ कोणाचाही असो, त्या दिवशी वनरक्षकाची गस्त चुकते. भाड्याच्या पावतीवर खोल्यांचे आणि सभागृहाचे पैसे लिहिलेले असतात, परंतु दोन वनरक्षक आणि चार वनमजूर दिवसभर खुर्च्या, पाणी आणि गाड्यांची व्यवस्था पाहत राहिले, याची नोंद कोठेही होत नाही. माझ्या सेवेत एका पाहुणचाराच्या दिवशी सगळी माणसे विश्रामगृहावर होती, आणि दुसऱ्या दिवशी त्याच नियतक्षेत्रात, म्हणजे एका वनरक्षकाच्या गस्तीच्या भागात, शिकाऱ्यांचे तारेचे चार फास सापडले. ते आदल्या दिवशीच लावले होते, असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण त्या वाटेने आदल्या दिवशी कोणीच फिरले नव्हते, एवढे मला नक्की ठाऊक आहे. म्हणूनच शासकीय पाहुण्यांचे उदाहरण देऊन खासगी समारंभांसाठी हक्क मागणे मला पटत नाही. ते पाहुणचारही चुकीचेच होते, आणि नोकरीत असताना मी तसे पुरेशा जोराने म्हटले नाही.

उत्तर २ : वकील, सिव्हिल लाइन्स

वरील अनुभवाला कायद्याची बाजू जोडतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील कलम 27 अभयारण्यातील प्रवेशावर बंधन घालते, कलम 28 प्रवेशाचा परवाना कोणत्या कारणांसाठी देता येतो ते सांगते, आणि कलम 35 च्या पोटकलम (8) मुळे ही दोन्ही कलमे राष्ट्रीय उद्यानालाही लागू होतात. कलम 28 मधील कारणे मोजकी आहेत : वन्यजीवांचा अभ्यास व त्यास अनुषंगिक कामे, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या व्यक्तीशी असलेला कायदेशीर व्यवहार. 2022 च्या दुरुस्तीने अधिवासात बदल न करता किंवा त्यास बाधा न आणता केलेल्या चित्रपटनिर्मितीची भर पडली. म्हणजे संसदेने अगदी अलीकडे ही यादी उघडून पाहिली आणि तिच्यात एक कारण वाढवले, परंतु समारंभ हे कारण घातले नाही. साखरपुड्याला पर्यटन म्हणायचे झाल्यास त्या शब्दाची बरीच ओढाताण करावी लागेल.

ऐतिहासिक वास्तूंशी तुलना केली तर हा फरक अधिक स्पष्ट होतो. केंद्र शासनाच्या संरक्षित स्मारकांसाठी 1959 चे नियम आहेत. त्यांतील नियम 7 मध्ये सभा, स्वागतसमारंभ, मेजवानी, परिषद यांची नावे घेऊन म्हटले आहे की केंद्र शासनाच्या लेखी परवानगीशिवाय स्मारकाचा असा वापर करता येणार नाही. तेथे मनाई आहे, पण परवानगीचा दरवाजाही नियमातच दाखवलेला आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या कायद्यात असा दरवाजा मला दिसत नाही.

त्याशिवाय कलम 27 नुसार आत कचरा टाकणे, कलम 30 नुसार धोका होईल अशा रीतीने आग पेटवणे आणि कलम 32 नुसार वन्यजीवांना अपाय करू शकणारी स्फोटके किंवा रसायने वापरणे यांना मनाई आहे. उद्यान व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात असेल, तर कलम 38व्ही नुसार ते क्षेत्र वाघांच्या संवर्धनासाठी अबाधित ठेवायचे असते. 2012 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातील पर्यटन काही काळ थांबवले होते, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आल्यानंतरच ते पुन्हा सुरू झाले. जेथे पर्यटनालाच इतक्या अटी आहेत, तेथे जेवणावळीचा अर्ज करू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

मात्र एक भेद लक्षात घ्यावा. आपण लिहिलेले सभागृह उद्यानाच्या सीमेबाहेर असेल, तर त्याला कलम 28 लागू होत नाही. तेथे ध्वनिप्रदूषण नियम, 2000 आहेत, म्हणजे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. आणि बाकी प्रश्न त्या इमारतीच्या वापराविषयीच्या धोरणाचा उरतो. "अर्ज करून ठेवा, बघू" हे धोरण नव्हे. नियम लेखी नसला की ज्याची ओळख असेल त्याला परवानगी मिळते आणि ज्याची नसेल त्याला नियम ऐकवले जातात.

उत्तर ३ : पर्यटक मार्गदर्शक, पेंच परिसर

वनक्षेत्रपाल साहेबांचे म्हणणे मी मान देऊन वाचले. विश्रामगृहाबद्दल त्यांनी जे लिहिले, त्यातला शब्दही मला खोडायचा नाही. सभागृहाबद्दल मात्र गावाच्या बाजूने चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आमच्या भागात पेंच राष्ट्रीय उद्यान 1975 साली झाले आणि व्याघ्र प्रकल्प 1999 साली. तोतलाडोहच्या जलाशयातील मासेमारी बंद झाली, सरपण आणि चराई आटली. जंगल राखले पाहिजे हे आम्हाला पटते, कारण आज माझे घर जिप्सीत बसून पर्यटकांना वाघाच्या पंज्याचा माग दाखवण्यावरच चालते. जानेवारी 2024 मध्ये पेंचला देशातील पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारे क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा परिसरातील गावांचे पथदिवे बदलून त्यांची तोंडे खाली केली गेली. रात्री ओसरीवर बसले की आता आकाशगंगा दिसते. गावाने आपला उजेड कमी करायचा आणि शहरातून आलेल्या कार्यक्रमाने दिव्यांच्या माळा लावायच्या, हे मला सहन होणार नाही. तेव्हा रात्रीच्या कार्यक्रमाला माझाही विरोधच आहे.

परंतु जुलै ते सप्टेंबर सफारी बंद असते, आणि त्या तीन महिन्यांत आमच्याकडे मार्गदर्शकाला, चालकाला, जेवण बनवणाऱ्या बायांना काम नसते. त्या काळात प्रवेशद्वाराबाहेरचे सभागृह शाळांच्या शिबिरांना, शिक्षकांच्या प्रशिक्षणाला, एखाद्या छोट्या घरगुती कार्यक्रमालाही दिवसा दिले, तर काय बिघडते? माझी अट एकच आहे, की त्याचा हिशेब ग्राम परिस्थितिकीय विकास समितीकडे, म्हणजे जंगलालगतच्या गावाच्या समितीकडे, असावा आणि जेवण गावातील महिला बचत गटाने करावे. मागे एका कार्यक्रमाला नागपूरहून केटरर आला, त्याने पाण्याच्या बाटल्यासुद्धा नागपूरहून आणल्या, आणि गावाच्या वाट्याला फक्त कचरा उचलण्याचे काम आले. असे होणार असेल, तर ते गावाच्या नावावर खपवू नये.

आणखी एक. गाण्यांच्या बेसचा, म्हणजे खालच्या पट्टीतील ठेक्याचा, आवाज दूरवर जातो, हे शहरातील माणसाला सांगून पटत नाही. आम्ही सांबराच्या आणि चितळाच्या कॉलवर, म्हणजे धोक्याच्या हाकेवर, वाघाचा अंदाज बांधतो. पलीकडच्या एका खासगी रिसॉर्टमध्ये डीजे होता, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत आम्ही तीन तास एकही कॉल ऐकला नाही. हा योगायोग असू शकेल, पण त्या दिवशी गाडीतले आम्ही सगळे मार्गदर्शक एकमेकांकडे बघत होतो.

उत्तर ४ : मनीषनगर

मी नऊ वर्षे अमेरिकेत होतो. अशा चर्चेत "तिकडे राष्ट्रीय उद्यानांत सर्रास लग्ने होतात" हे वाक्य हमखास येते, म्हणून ते येण्याआधीच थोडे लिहितो. होतात, हे खरे आहे. मी स्वतः अशा एका लग्नाला गेलो आहे. परंतु त्यासाठी विशेष वापर परवाना काढावा लागतो, अर्जाचे आणि देखरेखीचे शुल्क भरावे लागते, जागा उद्यानाने आधी ठरवून दिलेल्या असतात आणि इतर लोकांना तेथून हुसकावता येत नाही. आम्ही गेलो होतो तेथे तांदूळ किंवा फुलांच्या पाकळ्या उधळायलाही परवानगी नव्हती. वधूच्या आईला, म्हणजे आमच्या काकूंना, अक्षता पर्समध्येच ठेवाव्या लागल्या आणि विधी संपल्यावर त्यांनी त्या घरी येऊन दोघांच्या डोक्यावर टाकल्या.

तुलनेतील खरी अडचण वेगळी आहे. तेथील नॅशनल पार्क सर्व्हिस 1916 साली स्थापन झाली, आणि तिच्याकडे आज चारशेहून अधिक जागा आहेत. त्यांपैकी नावाने राष्ट्रीय उद्यान असलेल्या केवळ 63. उरलेल्यांत रणभूमी आहेत, स्मारके आहेत, शहरांच्या मध्यावरचे किल्ले आणि घरे आहेत. सॅन फ्रान्सिस्कोतील फोर्ट मेसनच्या जुन्या लष्करी इमारतींत समारंभ होतात, पण त्या इमारतींच्या दाराशी बस थांबते. अशा इमारती भाड्याने देऊन त्यांची डागडुजी निघावी, हा तेथील विचार आहे आणि तो मला पटतो. तोच नियम उचलून वाघाच्या पाणवठ्याशेजारच्या विश्रामगृहाला लावणे मात्र चुकीचे होईल. आपल्याकडे त्याची बरोबरी करायची असेल, तर ती एखाद्या जुन्या किल्ल्याशी किंवा वाड्याशी करावी.

उत्तर ५ : निवृत्त वनक्षेत्रपाल, सेमिनरी हिल्स

मार्गदर्शक भाऊंनी लिहिले ते योग्य आहे, आणि माझ्या उत्तरात गावाचा विचार आला नाही, ही माझी चूक मान्य करतो. प्रवेशद्वाराबाहेरचे सभागृह, पावसाळ्याचे दिवस, सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ, ध्वनिक्षेपक नाही, बाहेरून येणारे अन्न नाही, आणि वनरक्षकाला कोणत्याही कामाला लावायचे नाही, एवढे लेखी असेल तर माझी हरकत नाही. शाळांना प्राधान्य द्यावे. घरगुती कार्यक्रम असेल तर माणसे पन्नासच्या आत असावीत, कारण त्याहून जास्त माणसांचा आवाज ध्वनिक्षेपकाशिवायही गोंगाटच होतो. सीमेच्या आतील इमारतींना मात्र शासकीय पाहुण्यांसह कोणालाही अपवाद करू नये. एक अपवाद झाला की पुढच्या वर्षी तोच पुरावा म्हणून अर्जाला जोडलेला असतो. असे अर्ज मी स्वतः हाताळले आहेत.

प्रश्नकर्ता : धरमपेठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ही सर्व उत्तरे काल रात्री मी भावाला आणि वहिनीला वाचून दाखवली. कलम 28 ऐकून भाऊ थोडा नाराज झाला. तो म्हणाला की वकिलाला विचारले तर वकील नाहीच म्हणणार. परंतु गस्तीचा आणि तारेच्या फासांचा परिच्छेद मी वाचला, तेव्हा तो काही बोलला नाही. वहिनीने विचारले, की जंगल हवे कशाला होते, फोटोंसाठीच ना? त्यावर पुतणीनेच सांगितले की तिला जंगल आवडते म्हणून ते हवे होते, आणि आवडते म्हणूनच आता नको.

अर्ज आम्ही मागे घेत आहोत, आणि मागे घेण्याचे कारणही त्या पत्रात लिहिणार आहोत, म्हणजे ते कोठेतरी नोंदीत राहील. साखरपुडा नागपुरातच आमच्या नेहमीच्या मंगल कार्यालयात होईल. पुण्याच्या मंडळींपैकी ज्यांना यायचे असेल, अशा बारा-पंधरा जणांना दुसऱ्या दिवशी पहाटेच्या सफारीला नेण्याचा विचार आहे. मार्गदर्शक भाऊ, आपल्या गावातील बचत गट त्या दिवशी दुपारचे जेवण करू शकेल का? झुणका, भाकरी, वांग्याचे भरीत आणि वडा-भात एवढेच पुरे. ताटे-वाट्या स्टीलच्या असाव्यात, आणि त्या घासायला आमच्याकडची मुले हातभार लावतील, असे पुतणीने आपल्याला कळवायला सांगितले आहे.